खडकाळ शुष्क प्रदेशातील कौटुंबिक भ्रमण

खडकाळ शुष्क प्रदेशातील कौटुंबिक भ्रमण : उघड्या कातळाच्या, विरळ झाडीच्या व अल्प पाण्याच्या प्रदेशात लहान मुले, प्रौढ आणि वृद्ध यांनी एकत्र केलेला मोकळ्या हवेतील प्रवास. वनभोजन, पायी यात्रा, लेणी व दुर्ग यांचे दर्शन, डोंगरावरील मुक्काम इत्यादींचा त्यात समावेश होतो. गिर्यारोहण व साहसी क्रीडा यांपासून हा प्रकार वेगळा आहे. गिर्यारोहकांच्या तुकडीत सर्वांची शारीरिक क्षमता साधारणपणे सारखी असते. कुटुंबात ती तशी नसते. पाच वर्षांचे मूल व सत्तरीची आजी एकाच वाटेने चालणार असल्याने प्रवासाचा पल्ला, वेग व वेळ ही सर्वांत अशक्त व्यक्तीवरून ठरवावी लागतात. शुष्क प्रदेशात या नियमाला आणखी एका नियमाची जोड मिळते. तेथे गावापासून गाव किती किमी. आहे, यापेक्षा एका सावलीपासून दुसरी सावली आणि एका पाणवठ्यापासून दुसरा पाणवठा किती दूर आहे, याला अधिक महत्त्व असते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः मराठवाड्याच्या वायव्य भागातील, म्हणजे छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंतचे अधिकृत नाव औरंगाबाद) व त्याच्या परिसरातील अशा भ्रमणाचे विवेचन केले आहे.

भूरचना : हा प्रदेश दख्खनच्या पठारावर असून शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची सु. ५७० मी. आहे. उत्तरेस सातमाळा-अजिंठा डोंगररांग व दक्षिणेस गोदावरीचे खोरे पसरलेले आहे. येथील खडक बेसाल्टचा असून तो सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचून तयार झाला. डोंगरांच्या उतारांना त्यामुळे पायऱ्यापायऱ्यांचा आकार आला आहे. ‘ट्रॅप’ ही संज्ञा पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून रूढ झाली [⟶ दक्षिण ट्रॅप]. कठीण व घट्ट थर (काळा पाषाण) उभे कडे बनवितात, तर वायूच्या पोकळ्या असलेला सच्छिद्र थर (मांजऱ्या) तुलनेने लवकर झिजतो. खडक कुजून त्याचा मुरूम बनतो. उतारावर तो सुटा पसरला, की चालणाऱ्याचा पाय घसरतो. अशा वाटेस घसाऱ्याची वाट म्हणतात.

जगातील प्रसिद्ध तांबड्या खडकांचे प्रदेश बहुधा वालुकाश्माचे आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कोलोरॅडो पठार, जॉर्डनमधील वादी रम आणि महाराष्ट्राजवळ कर्नाटकातील बादामी ही त्यांची उदाहरणे होत. वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडाचा पातळ लेप असल्यामुळे हा खडक तांबडा दिसतो. मराठवाड्याचा खडक काळा असला, तरी त्यातही लोह आहेच. तो कुजू लागला, की तपकिरी व तांबडी छटा धारण करतो. दोन लाव्हाथरांच्या मध्ये अनेक ठिकाणी विटेसारख्या रंगाचा मृत्तिकामय पट्टा आढळतो. त्यास तांबडा बोल म्हणतात. दोन उद्गिरणांच्या मधल्या काळात खालच्या थराचा पृष्ठभाग कुजला, त्यावर माती साचली व नंतर आलेल्या लाव्हाच्या उष्णतेने ती भाजली गेली, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. घाटरस्त्याच्या कापात हा पट्टा मुलांनाही सहज ओळखता येतो. मृत्तिकेतून पाणी सहजी झिरपत नसल्यामुळे अशा पट्ट्याच्या वरच्या अंगास अनेकदा ओल किंवा झरा दिसतो. शुष्क डोंगरातील पाणी कातळाच्या संधीत व थरांच्या सांध्यावर असते, हे प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

हवामान व वनस्पती : हा प्रदेश वाळवंट नव्हे, तो अर्धशुष्क व अवर्षणप्रवण आहे. वार्षिक पर्जन्यमान सरासरीने सु. ७० सेंमी. असून बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो व त्याचे प्रमाण वर्षागणिक बरेच बदलते. १९७२ चा दुष्काळ या भागाच्या स्मरणातून गेलेला नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. एप्रिल व मे महिन्यांत कमाल तापमान ४०° से. च्या आसपास व काही दिवस त्याहूनही अधिक असते. गडद रंगाचा बेसाल्ट ऊन शोषून घेतो व सूर्यास्तानंतरही बराच वेळ उष्णता बाहेर टाकतो. कातळावरून चालणाऱ्यास म्हणून वरून व खालून अशी दुहेरी उष्णता सोसावी लागते. लहान मुलाचा चेहरा जमिनीच्या जवळ असल्याने खालून येणारी धग त्याला मोठ्यांपेक्षा अधिक लागते.

येथील अरण्य शुष्क पानझडी प्रकारचे आहे. साग, धावडा, पळस इ. वृक्ष उन्हाळ्याच्या तोंडी पाने गाळतात. नकाशावर हिरव्या रंगात दाखविलेल्या वनात फाल्गुन ते वैशाख या काळात सावली जवळजवळ नसते. ज्या वेळी सावलीची सर्वाधिक गरज, त्याच वेळी अरण्य ती देऊ शकत नाही. या दिवसांत खरी सावली दोनच ठिकाणी मिळते : गावालगतच्या वड, चिंच व कडुनिंब यांखाली आणि लेण्यांच्या आत. कातळाच्या प्रचंड वस्तुमानामुळे लेण्यांतील तापमान बाहेरच्या मानाने स्थिर राहते.

ऐतिहासिक परंपरा : या प्रदेशातील भ्रमण फार जुने आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान (पैठण) येथून उत्तरेकडे जाणारे व्यापारी मार्ग सातमाळ्याच्या घाटांतून खाली खानदेशात उतरत. पितळखोरे येथील लेणी (इ. स. पू. दुसरे शतक व नंतर) या मार्गांच्या सान्निध्यात आहेत. तेथील स्तंभांवरील लेखांत पैठणच्या गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या कुलातील मितदेव याचे दान नोंदलेले असून राजवैद्य मगिल व त्याची मुले यांच्या दानांचेही लेख आहेत. डोंगरातील या धर्मस्थानांशी त्या काळी घरेच्या घरे जोडलेली होती, याची ती साक्ष होय. लेण्यांसाठी जागा निवडताना घट्ट खडकाबरोबर पाण्याचाही विचार झालेला दिसतो. अजिंठा वाघूर (वाघोरा) नदीच्या वळणावर, वेरूळ डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांच्या काठी व पितळखोरे दरीत आहे. लेण्यांलगत कातळात खोदलेली पाण्याची टाकी असतात. प्राचीन लेखांत त्यांस ‘पोढी’ म्हटले आहे.

मध्ययुगात गावोगावी बारवा, हौद व सराया बांधल्या गेल्या. देवगिरीच्या किल्ल्यावर पाणी साठविण्यासाठी मोठे हौद आहेत. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबर याने खडकी येथे शहर वसविले. तेच पुढे औरंगाबाद झाले. खडकी हे नाव या भूमीच्या कातळाळ स्वरूपाशी जुळणारे आहे. डोंगराच्या पायथ्याचे भूजल जमिनीखालील नळांनी शहरात आणणारी नहर-ए-अंबरी ही योजना त्याच्याच काळात आकारास आली. पाणचक्की येथील हौदात डोंगराकडील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणलेले असून त्या हौदाकाठची वडाची सावली आजही सहकुटुंब येणाऱ्यांचे विसाव्याचे ठिकाण आहे.

लोकपरंपरेत कौटुंबिक भ्रमण सणांशी व पिकांशी जोडलेले आढळते. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली भोजन करण्याची चाल आहे. मार्गशीर्ष अमावास्येस लातूर व धाराशिव या भागांत वेळ अमावास्या साजरी होते. त्या दिवशी संपूर्ण घर शेतात जाते आणि भज्जी, आंबील, उंडे असे पदार्थ शेतातच खाल्ले जातात. पौष व माघात ज्वारीची कणसे भाजून हुरडा खाण्यासाठी आप्तेष्टांना मळ्यात बोलाविले जाते. चंपाषष्ठीस शहराच्या दक्षिणेकडील सातारा येथे खंडोबाची यात्रा भरते. हनुमान जयंतीस व श्रावणातील शनिवारी शहरातून खुलदाबादच्या भद्रा मारुतीस पायी जाणाऱ्यांत घरातील सर्व वयांची माणसे असतात. हनुमान जयंती चैत्रात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात येते, ही सु. २५ किमी.ची वाटचाल रात्री केली जाते. दिवसाच्या उन्हाचा चटका टाळण्याचा हा लोकांनी अनुभवाने काढलेला मार्ग होय. वरील बहुतेक प्रथा कार्तिक ते माघ या थंडीच्या दिवसांत येतात आणि जी उन्हाळ्यात येते ती रात्रीची आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

आधुनिक स्वरूप : निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाल्यावर बाहेरील प्रवासी या भागात येऊ लागले. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने (स्थापना १९१४) गुलाम याझदानी यांच्या कारकीर्दीत लेण्यांची दुरुस्ती व व्यवस्था हाती घेतली. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यानंतर राज्य परिवहनाच्या गाड्यांमुळे सामान्य कुटुंबास ही स्थळे सुलभ झाली. दशम्या व पाण्याचा तांब्या घेऊन पहिल्या गाडीने निघावे व दिवे लागणीस परतावे, अशी त्या काळच्या सहलीची रीत होती. वेरूळ व अजिंठा या दोन्ही स्थळांचा १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

१९६० नंतर चिकलठाणा व १९८० नंतर वाळूज येथील औद्योगिक वसाहतींमुळे शहराची वाढ झपाट्याने झाली. गारखेडा हे शहराच्या दक्षिणेकडील जुने गाव या वाढीत निवासी उपनगर बनले. विभागीय क्रीडा संकुल तेथेच आहे. गारखेडा परिसरातील वस्तीत नोकरदार, कामगार व मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे मोठ्या प्रमाणावर आहेत. शेती मागे राहिली, तशी शेतावर जाण्याची निमित्तेही कमी झाली; सुटीच्या दिवशीची सहल हा या कुटुंबांचा मोकळ्या भूमीशी राहिलेला मुख्य संबंध होय. मात्र शेतकरी कुटुंबातील मुलास ऊन, वारा, काटा व पाणवठा यांचे जे ज्ञान आपोआप मिळे, ते शहरी मुलास मुद्दाम द्यावे लागते. आज स्वतःचे वाहन सहज मिळते. त्यामुळे पूर्वी दोन मुक्कामांत होणारा प्रवास एका दिवसात उरकण्याकडे कल वाढला असून कडक उन्हाचे तास उघड्यावर जाण्याचे तेही एक कारण आहे.

प्रमुख स्थळे : शहरालगतच्या स्थळांत दक्षिणेकडील साताऱ्याचे डोंगर, उत्तरेकडील गोगाबाबा टेकडी व बीबी का मकबऱ्यामागील औरंगाबाद लेणी यांचा समावेश होतो. लहान मुलांच्या पहिल्या चढणीस ही ठिकाणे योग्य आहेत, कारण थकवा आल्यास थोड्या वेळात परतता येते.

दौलताबाद (देवगिरी) शहराच्या वायव्येस सु. १५ किमी. वर आहे. यादवांची ही राजधानी १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने आपल्या साम्राज्याची राजधानी केली. मैदानातून सु. २०० मी. उठावलेल्या या डोंगराचा खालचा भाग तासून उभा केला असून भोवती कातळात खंदक खोदला आहे. चांद मिनारापर्यंतचा भाग सपाट असल्याने वृद्धांना तेथवर जाता येते. पुढे अंधारी नावाचा काळोखा, वळणावळणाचा मार्ग व नंतर शेकडो पायऱ्या आहेत. कुटुंबाने येथे दोन गट करणे सोयीचे ठरते [⟶ दौलताबाद].

वेरूळ येथे ३४ लेणी सु. २ किमी. लांबीच्या कड्यात कोरलेली असून १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू व ३० ते ३४ जैन आहेत. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कळसापासून खाली कोरत आणलेले कैलास (क्र. १६) त्यांत मुख्य आहे. लेण्यांची मुखे पश्चिमेकडे आहेत. सकाळी त्यांच्यापुढील वाट डोंगराच्या सावलीत असते व दुपारनंतर तीवर थेट ऊन येते. शिल्पांवरील प्रकाशाच्या दृष्टीने दुपार चांगली असली, तरी मुलांसह येणाऱ्यांना सकाळ हितकर होय. लेणी मंगळवारी बंद असतात. जवळच घृष्णेश्वराचे मंदिर व पायऱ्यांचे शिवालय तीर्थ आहे [⟶ वेरूळ]. पुढे खुलदाबादजवळील म्हैसमाळ हे उंचावरील पठार सायंकाळच्या थंड हवेसाठी प्रसिद्ध आहे.

गौताळा औट्रमघाट अभयारण्य (घोषणा १९८६, क्षेत्रफळ सु. २६० चौ. किमी.) छत्रपती संभाजीनगर व जळगाव या जिल्ह्यांत पसरलेले असून पितळखोरे लेणी त्याच्या परिसरात आहेत. बिबट्या, नीलगाय, मोर इ. प्राणी तेथे आढळतात. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला एक वाघही तेथे दिसून आला. मुलांना एकटे पुढे जाऊ देणे किंवा सूर्यास्तानंतर रेंगाळणे येथे अयोग्य ठरते.

अजिंठा शहरापासून सु. १०० किमी. वर आहे. नालाकृती दरीच्या सु. ७६ मी. उंचीच्या कड्यात ३० लेणी आहेत. ती १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली. खाजगी वाहने फर्दापूर तिठ्याजवळ थांबवून पुढील सु. ४ किमी. अंतर विशेष बसने जावे लागते. चढ न झेपणाऱ्यांसाठी डोलीची सोय असते. लेणी सोमवारी बंद असतात [⟶ अजिंठा]. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील सु. १.८ किमी. व्यासाचे विवर बेसाल्टवर उल्का आदळून झालेले असून त्यातील सरोवराचे पाणी खारे व अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले. मिठात वाढणारे सूक्ष्मजीव त्यास कारणीभूत असल्याचे आढळले. त्याच वर्षी त्याचा रामसर पाणथळ क्षेत्रांत समावेश झाला. पाणी दिसत असूनही ते पिण्यायोग्य नसलेल्या या विवरात उतरताना पिण्याचे पाणी बरोबर असलेच पाहिजे. दक्षिणेस पैठणजवळील नाथसागर जलाशय (१९७६) हिवाळ्यात स्थलांतरित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे.

नियोजन : वर्षाचे भ्रमणाच्या दृष्टीने चार भाग पडतात. आषाढ ते भाद्रपद या काळात डोंगर हिरवे व धबधबे वाहते असतात. परंतु शेवाळलेला कातळ निसरडा होतो. आश्विनात दुपारचे ऊन पुन्हा तापते. कार्तिक ते माघ हा सर्वोत्तम काळ असला, तरी पहाटे व रात्री थंडी बोचरी असते. फाल्गुनापासून पहिला पाऊस पडेपर्यंत सूर्योदयानंतरचे तीन तास व सूर्यास्तापूर्वीचे दीड-दोन तास एवढाच वेळ उघड्या वाटेसाठी वापरावा; मधला काळ लेण्यांत, मंदिरात किंवा झाडाखाली काढावा. परतीची वेळ निघण्यापूर्वी ठरविणे व बरोबर घेतलेले निम्मे पाणी संपताच मागे फिरणे, हे दोन नियम सर्व ऋतूंत उपयोगी पडतात.

अमेरिकेतील तांबड्या खडकांच्या राष्ट्रीय उद्यानांत माणशी दररोज सु. ४ लि. पाणी बाळगण्याची सूचना प्रवाशांना दिली जाते. मराठवाड्यात उन्हाळ्यातील पूर्ण दिवसासाठी हेच प्रमाण धरणे इष्ट होय. तहान लागण्याची वाट न पाहता थोडेथोडे पाणी पीत राहावे. वृद्धांना तहानेची जाणीव कमी होते व मुले खेळण्याच्या भरात ती सांगत नाहीत. दोघांनाही ठरावीक वेळाने पाणी द्यावे लागते. पूर्वी प्रवासात फिरकीचा तांब्या व छागळ वापरीत. छागळीच्या कापडातून झिरपणारे पाणी बाष्परूप होताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी, तितके पाणी अधिक गार होते. मातीच्या सुरईचे कार्यही याच तत्त्वावर चालते. कोकणच्या दमट हवेत तितका गारवा मिळत नाही.

शिदोरीत दशम्या, धपाटे, चटणी, कांदा व गूळ-शेंगदाणे हे टिकाऊ पदार्थ उपयुक्त होत. ताक व कैरीचे पन्हे यांतून पाण्याबरोबर क्षारही मिळतात. मात्र ताक उन्हात लवकर आंबते. सैल, फिक्या रंगाचे सुती कपडे, कान व मान झाकणारा रुमाल किंवा उपरणे आणि घट्ट बसणारी पादत्राणे आवश्यक आहेत. मंदिरात व काही लेण्यांत अनवाणी जावे लागते; दुपारी तापलेल्या फरशीवर मुलांचे पाय भाजतात, म्हणून मोजे जवळ ठेवतात. चालताना एक प्रौढ पुढे, एक मागे व मुले मध्ये असा क्रम ठेवून वेग मागच्याने ठरवावा.

धोके व प्रथमोपचार : उष्माघात हा सर्वांत गंभीर धोका होय. मुलाच्या शरीराचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने अधिक असते व त्याला घामही कमी येतो; त्यामुळे ते लवकर तापते. चिडचिड, डोकेदुखी, मळमळ, पायांत पेटके व लघवीचे अल्प प्रमाण ही पूर्वलक्षणे आहेत. अशा वेळी चालणे थांबवून सावली गाठावी, कपडे सैल करावे व जलसंजीवनी घोटघोट पाजावी. तयार पुडी नसल्यास १ लि. स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ती करता येते. अंग अतिशय तापून असंबद्ध बोलणे किंवा बेशुद्धी आल्यास तोंडाने काहीही देऊ नये. मान, काखा व जांघा यांवर ओली फडकी ठेवून वारा घालीत त्वरित रुग्णालयात न्यावे.

दुसरा धोका पाण्याचा आहे. शुष्क प्रदेशात पाण्याच्या अभावाइतकाच त्याचा अकस्मात लोंढाही घातक असतो. कातळ पाणी शोषीत नसल्याने वरच्या पठारावर पडलेला पाऊस थोड्या वेळात दरीत उतरतो. खाली आकाश निरभ्र असले, तरी ओढा चढू शकतो. कोलोरॅडो पठारावरील अरुंद घळींत याच कारणाने अपघात होतात. वेरूळच्या धबधब्याखाली किंवा अजिंठ्याच्या दरीतील कुंडांच्या काठी मुलांना उतरू देऊ नये. पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा त्यातून काटक्या वाहू लागल्या, तर तत्काळ उंच जागी जावे. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीने कन्नड-चाळीसगाव दरम्यानच्या घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. मुसळधार पावसाच्या दिवशी घाटरस्ता टाळणे श्रेयस्कर ठरते.

कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळे असतात. धूर, उग्र सुगंध, गोंगाट व दगडफेक यांमुळे माश्या चवताळतात. त्या उठल्यास हात न झटकता डोके व चेहरा कापडाने झाकून लहान मुलाला कवेत घ्यावे व वेगाने दूर किंवा बंद जागेत जावे. सर्पदंश झाल्यास तो अवयव हलवू न देता रुग्णालय गाठावे. दंशाची जागा कापणे, चोखणे वा घट्ट आवळून बांधणे अपायकारक होय. दौलताबादच्या अंधारीत विजेरी हाताशी ठेवून मुलांचा हात सोडू नये.

स्थलरक्षण व स्थानिक जनजीवन : हजारो वर्षे टिकलेला कातळ अभंग वाटला, तरी त्यावरील शिल्प व चित्र नाजूक असते. हाताच्या स्पर्शाने शिल्पाची झीज होते. श्वासातील बाष्प व प्रखर दिवे अजिंठ्याच्या चित्रांना अपाय करतात, म्हणून तेथे लखलखत्या प्रकाशात छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यान्वये संरक्षित वास्तूवर नावे कोरणे दंडनीय आहे. मुरमात व ओढ्यात सापडणारी गारगोटी, अकीक किंवा झिओलाइटाचे स्फटिक मुलांना मोह घालतात. संरक्षित स्थळी व अभयारण्यात ती पाहून पुन्हा जागेवर ठेवणे उचित होय. ऑस्ट्रेलियातील उलुरू या प्रचंड तांबड्या खडकावर चढणे तेथील मूळ रहिवासी अनंगू लोकांच्या इच्छेनुसार ऑक्टोबर २०१९ पासून बंद करण्यात आले. प्रवाशाने खडक कोठवर आपला मानावा, याविषयी जगभर होत असलेल्या विचाराचे ते द्योतक आहे.

मराठवाड्यात हा प्रश्न मुख्यतः पाण्याच्या रूपाने उभा राहतो. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरने पाणी येते, तेथील आडावर किंवा हातपंपावर सहलीला आलेल्यांनी हातपाय व वाहने धुणे अनुचित असून पाणी घरून भरून नेणे हेच योग्य ठरते. गुराख्यांचे पाणवठे खरकट्याने व प्लॅस्टिकने दूषित होतात; गुरे व वन्य प्राणी ते पाणी पितात. याउलट गावातून भाकरी, हुरडा, सीताफळे किंवा भुईमुगाच्या शेंगा विकत घेतल्यास कोरडवाहू शेतकऱ्यास थोडीफार मिळकत होते व मुलांना या भूमीत काय पिकते हे कळते. बारव कशासाठी बांधली, लेण्याशेजारी टाके का खोदले, यात्रा रात्री का चालते, या प्रश्नांची उत्तरे मुलास जागेवरच मिळतात. पाणी व सावली यांचा काटकसरीने उपयोग करण्याचे ज्ञान पूर्वी शेतीतून पुढील पिढीकडे जात असे. शहरी वस्तीत वाढणाऱ्या पिढीपर्यंत ते पोहोचविण्याचे कार्य आता बऱ्याच अंशी अशा कौटुंबिक भ्रमणावर येऊन पडले आहे.